आखाडातलं माहेर

कोलशेतच्या जुन्या गावात अशी बोलवा होती, की सगुणाबाईंनी सुनेला लग्नानंतर माहेरचं तोंड बघू दिलं नाही. साफ खोटं. सगुणाबाईंनी रूपालीला कधीच अडवलं नव्हतं. उलट दरवर्षी तिच्या माहेरच्या प्रवासाची तयारी त्या जातीनं करायच्या. आणि तयारी अशी झकास, की प्रवास जागच्या जागी मरायचा.

रूपालीला त्यांच्या लेकानं, कमलेशनं, प्रेमात पडून आणलेली. तिचं माहेर डोंगराच्या पार पोटात. आखाडात पाऊस तिथं मुक्कामालाच येतो. शेवटच्या एसटी थांब्यापुढं ओढा ओलांडायचा, आणि ओढ्यावरचा लाकडी साकव जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली. मे महिन्यात जावं, तर कोलशेतात घरोघरी हळदी नि लग्नं. दिवाळीत पाहुणे.

"सुनेनं आखाडात माहेराला जायची रीत हाय ना?" सगुणाबाई म्हणायच्या. "मंग आखाडातच जाशील गो बाय. मी कवा नाय बोलले?"

मिठागरात हयात गेलेली बाई. ढग बघून सांगायची, कधी कोसळणार. नेमका तोच दिवस निघायचा मुहूर्त ठरे. रूपाली डबाभर कडाकण्या-शंकरपाळे तळायची, बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दाराशी ठेवायची. मग गावाकडून भावाचा फोन यायचा : साकव बुडाला.

"देवाची मर्जी गो. आता तळण वाया कनाला घालवायची?" म्हणत सगुणाबाई डबा उघडायच्या.

हे सगळं त्यांची नात अक्षदा गच्चीवर मैत्रिणींना करून दाखवायची. 'गो बाय' म्हणताना आजीची हनुवटी कशी खाली येते, आई बॅग सोडताना "असू दे" कसं नाकातून म्हणते. मैत्रिणी पोट धरून बसायच्या. आई हा तर तिचा हुकमी आयटम होता.

यंदा मात्र मामाचा फोन वेगळाच आला. "ताई, पूल झाला. सिमेंटचा. गाडी दारात येते. आणि आईची नजर जात चाललीये गं. तोंडं दिसतायत तोवर ये."

रूपालीनं त्याच दिवशी तळण काढली. अक्षदा आजीसमोर जाऊन बसली.

"आजी, यंदा तुझा गेम ओव्हर. आई जाणार आणि निदान एक दुपार तिच्या आईजवळ निवांत बसणार. लावतेस पैज?"

"हरलीस तं?"

"तू सांगशील ते."

"मी सांगेन त्याची नक्कल करायची. माझ्यासमोर. गच्चीवर चोरून नाय." सगुणाबाईंनी पान तोंडात सारलं. "कमलेश, गाडीत माझी पन जागा ठेव रे. विहीणबाईंना भेटून किती वर्षां झाली."

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आजी वैतागून परत फिरेल, अशी अक्षदाला आशा होती. आजी तिथं शांत झोपली.

माहेरी विहीण आली म्हटल्यावर घराची तारांबळ उडाली. मानाची पाहुणी. तिला आंघोळीला कढत पाणी हवं. तिची लुगडी त्या पावसात वाळेनात, म्हणून चुलीवर धरून वाळवायला हवीत. आणि भाकरी? वहिनी थापायला बसली, तर सगुणाबाई हसून म्हणाल्या, "राग नको गो. मना रूपालीच्या हातचीच लागते."

रूपाली चुलीपुढं बसली ती मुक्काम संपेपर्यंत उठली नाही. बाहेर ओटीवर तिची म्हातारी आई, गोदाबाई, पागोळ्यांकडं तोंड करून बसलेली असायची. मध्येच विचारायची, "रुपा कुठाय? रुपा?"

"हाय इथंच, विहीणबाई," शेजारी टेकून बसलेल्या सगुणाबाई सांगायच्या. "तुमच्या लेकीला कामाची भारी हौस."

निघताना गोदाबाईंनी लेकीचा चेहरा हातांनी चाचपला. कमलेश हॉर्न वाजवत होता.

कोलशेतला परतल्यावर सगुणाबाईंनी पायरीवर बैठक मारली. "चल गो अक्षदा. पैज."

अक्षदानं तिथंच आजीची हनुवटी केली. "जाशील गो बाय."

"गो अजून गोड कर. पीळ दे त्याला." सगुणाबाईंनी दोनदा करून घेतलं, हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "माझी जमली. आता तुझ्या त्या आजीची कर."

अक्षदा आत जायला वळली.

"हरलीस ना?"

अक्षदानं मान कलती केली, डोळे कुठंच न लावता उघडे ठेवले. "रुपा कुठाय? रुपा?" हुबेहूब निघालं. इतकं हुबेहूब तिला कधीच काही जमलं नव्हतं.

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

सगुणाबाईंनी थोडा वेळ कान दिला. मग तिथूनच हाक मारली, "रूपाली, तव्यावरची करपंल गो बाय."