अकोल्यात चढ नाही, म्हणून चिखलदऱ्याला

लोक चिखलदऱ्याला थंडीसाठी जातात, पॉइंट बघायला जातात. मी गेले ते माझ्या मोटरसायकलचा एक आवाज ऐकायला.

दिवाळीनंतर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा मिलिंद, चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिनातून कडकड यायला लागली. पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे हलवावेत तशी. मेकॅनिक लोक याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठरलेल्या क्षणी शिस्तीत जळायला हवं. ते वेळेआधी किंवा एकदम भडकलं की पिस्टनला चुकीच्या वेळी ठोसा बसतो. झोका अजून आपल्याकडेच येत असताना ढकलला तर मनगटाला कसा हिसका बसतो, तसं. हिसके फार झाले की पिस्टनच जातो.

अडचण अशी की अकोला सपाट. आमच्याकडचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. गॅरेजवाले सलीमभाई दोनदा गाडी फिरवून आले आणि हात पुसत म्हणाले, "ताई, इथं तर ते चूप बसते. मी काय पकडू? घाटात आवाज कवा येते, कवा जाते, तेवढं मले सांग."

मिलिंदचा सल्ला सोपा होता. "इंजन खोलाचा खर्च कावून करते? विकून टाक, स्कूटी घे." त्याच्या ऑफिसातला एक जण सोमवारी बघायला येणारही होता. ही गाडी मी चाळिशीत, माझ्या पगारातून घेतली. आमच्या गल्लीत मोटरसायकल चालवणारी मी पहिली बाई. तिला सोडायला मन तयार नव्हतं, पण हा निव्वळ हट्ट तर नाही ना, हेही मी स्वतःला विचारत होते. शेवटी शनिवार-रविवार मागून घेतला. कारण सापडलं नाही तर सोमवारी किल्ली देईन, असा शब्द दिला.

"अवं, गाडी बिमार आहे म्हणून गाडीवरच जाऊन राहिली?" मिलिंद फाटकातून म्हणाला.

शनिवारी मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. रस्ता रुंद आणि चांगला आहे. सकाळी लवकर निघालात तर ट्रक कमी लागतात. गाडी अर्थातच गप्प. राजापेठेत माझी नणंद प्रज्ञा राहते, गणिताच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी तिनं गिला वडा खाऊ घातला. दह्यात भिजलेला, वर तिखट-गोड चटणी. गेलात तर उभ्यानंच खा, बसायला जागा शोधत बसू नका.

रविवारी पहाटे टाकीतलं जुनं पेट्रोल प्रज्ञाच्या स्कूटीत ओतलं आणि दुसऱ्या पंपावर ताजं भरलं. माझा नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पेट्रोल. प्रज्ञा मागे बसली आणि दोघी निघालो. परतवाड्याच्या बाजूला रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग होते. थोडी घेतली, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं मागे बांधली. धामणगाव गढी गेलं, घाट सुरू झाला, आणि दुसऱ्याच वळणावर डब्यातली ज्वारी हलली. म्हणजे पेट्रोल निर्दोष.

"वैनी, तुमी टॉपवर कावून चढून राहिल्या?" प्रज्ञा मागून ओरडली.

आम्हा अकोलेकरांची ही खोड. गल्ली संपायच्या आत टॉप गिअर टाकायचा, का तर ॲव्हरेज! सपाटीवर ते खपून जातं. चढावर मात्र इंजिन दबतं आणि नॉकिंग वाढतं. मी गिअर उतरवला. आवाज गेला. निदान मला गेल्यासारखा वाटला, आणि तिथेच मी बिचकले. ज्याला आवाज जायला हवा असतो, त्याच्या कानांवर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून प्रज्ञाला सांगितलं, "गिअरकडे लक्ष देऊ नकोस. कडकड ऐकू आली की माझ्या खांद्यावर बोटानं टकटक कर."

पुढच्या चढावर मला काही ऐकू आलं नाही. खांद्यावर मात्र टकटक झाली. कमी, पण झाली.

एका रुंद जागी थांबलो. गाडी न्यूट्रलला घरघरत ठेवली, तेव्हा लक्षात आलं की इंजिन गरज नसताना जोरात फिरतं आहे. गेले काही आठवडे मी स्क्रू फिरवून हा वेग सारखा कमी करत होते आणि त्यामागे काही कारण असेल असं एकदाही मनात आलं नव्हतं. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की असं होतं, आणि इंजिन तापून नॉकिंगही होतं. मग जास्तीची हवा शिरते कुठून?

कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा एक रबरी तुकडा असतो. रुमाल ओला करून, घट्ट पिळून त्याच्याभोवती धरला. (तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, आणि बोटं सांभाळा.) घरघर खाली आली. रुमाल काढला, वर गेली. पुन्हा धरला, पुन्हा खाली.

"अजून एकदा करा," प्रज्ञा म्हणाली. शेवटी गणिताचीच बाई.

पुन्हा तेच. गाडी बंद करून मोबाईलचा कॅमेरा मागून धरला, तेव्हा दिसली: इंजिनाच्या बाजूला, नखाएवढी चीर. इतका आनंद मला बी.एस्सी.च्या निकालानंही झाला नव्हता.

संत्री पिशवीत भरून प्रज्ञाच्या मांडीवर दिली आणि ट्यूबची पट्टी सोडवून त्या रबरावर ताणून गुंडाळली. मग गाडी वळवली.

"आता खाली कुठं?"

"तिथूनच पुन्हा चढायचं. त्याच वळणावरून, त्याच गिअरात, दोघींनीच."

"बाप्पा!" असं म्हणून ती बसली.

ते वळण आलं. खांदा शांत. पुढचा चढही शांत. मोथा गाव आलं आणि खांद्यावर टकटक झाली. मी गाडी कडेला घेतली.

"वाजली?"

"नाई वो वैनी! खव्याचं दुकान मागं गेलं!"

मागे वळलो. मोथ्याचा ताजा खवा चुकवू नका. आम्ही तो चिखलदऱ्याच्या कड्यावर, पायाशी दरी ठेवून खाल्ला. पॉइंट एकच पाहिला, पण माझ्याइतक्या ताठ मानेनं तो त्या दिवशी कुणी पाहिला नसेल.

परतताना राजापेठेत नवं रबर घेतलं, किंमत गिल्या वड्याच्या चार प्लेटींएवढी. सोमवारी सकाळी सलीमभाईंनी ते बसवलं, जुनं वाकवून चीर उघडी करून पाहिली. "मी समोरून पाहत होतो, हे मागून फाटलं होतं. ओल्या फडक्याची आयडिया मी ठेवून घेतो, ताई." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण टॉपवर चढणं सोड बरं."

संध्याकाळी ऑफिसातले पाहुणे आले. गाडी सुरू केली, कान लावला, चक्कर मारून आले.

"मस्त तर आहे. विकून कावून राहिले?"

मी बोलण्याआधीच मिलिंद म्हणाला, "कोण विकून राहिलं? चहा घ्या."

त्या प्रवासातलं काय उरलं? दरी आता पुसट आठवते, बोटाची टकटक स्पष्ट. स्वतःचे कान अपुरे पडले तर मागच्याचे मागायचे, एवढं शिकले. उड्डाणपुलाचा चढ आला की हल्ली मी गिअर उतरवते. त्यानं ॲव्हरेज घटलं, अशी मिलिंदची कुरकुर चालू असते. मागे बसून.