मंडईतलं लुगडं

बाबांनी आयुष्यात दोनदाच मिशी काढली. पहिल्यांदा आजोबा गेले तेव्हा, रीतीप्रमाणे. दुसऱ्यांदा गेल्या दिवाळीत, आणि तेव्हा घरात कोणी गेलेलं नव्हतं. आई सकाळी अंगणात सडा टाकत होती. तिने वर पाहिलं, बादली खाली ठेवली आणि विचारलं, "आता लोकाईले कोन मेलं म्हनून सांगू?"

ही वेळ का आली हे सांगायचं तर आधी बाबांचं पेपरवाचन सांगायला हवं. आमचं गाव दिघोरीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये. गावात धान खरेदीचं एक गोदाम आहे आणि त्याला लांबलचक ओटा आहे. खरेदी चालू नसते तेव्हा तो ओटा बाबा आणि त्यांच्या मंडळींचा. बाबा एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज निवृत्तीनंतरही शिल्लक होता, म्हणून पेपर त्यांनी मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा हे आपोआप ठरलं. ऐकणारे सगळे साठीच्या पुढचे, सगळे धानवाले, आणि सगळ्यांचं मत एकच की समाज बुडाला.

बाबा मथळा वाचतात. लगेच निकाल लागतो. मग वेळ उरला तर खालचा मजकूर. लिव्ह-इनच्या कायद्यावर लेख आला, निकाल लागला: "मायबापाईचा धाक नाही." लग्नाआधी काढतात त्या फोटोंवर लेख आला: "धाक नाही." पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही यावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा बाबा कडाडले, "अपनी मराठी अपनेकोच संभालनी पडेगी!" आणि ओट्यावर कोणालाही हसू आलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, खाली त्याने तुमच्याच बाजूचं लिहिलंय, वाचा तरी." ते म्हणाले, "आपल्याच बाजूचं हाये त वाचाचं कायले? मले मालूम हाये न."

मी जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहते, नवरा फॅक्टरीत आहे. दिवाळीला माहेरी आले की पहिल्या दोन दिवसांत बाबांशी माझं कडाक्याचं भांडण होतं. मुद्दा माझा बरोबर असतो आणि रडतेही मीच. याचा मला अजून राग येतो.

ओट्यासमोरून गावातला एकमेव रस्ता जातो. त्या रस्त्याने गावचा टेलर रोज सायकलने दुकानात जातो. तिशी उलटलेला माणूस. चाल बायकी, बोलणं हळू, लग्न केलेलं नाही. बायकांना तो आवडतो, कारण ब्लाउजच्या बाह्या नीट बसवतो आणि इकडचं तिकडे सांगत नाही. ओट्याला तो दुसऱ्या कारणाने आवडतो. तो दिसला की कोणी खाकरतं, कोणी "अवो बाई" म्हणतं, आणि बाबा दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतात की धावती गाडी थांबावी. तो वळून पाहत नाही, पायडल मारत निघून जातो. एकदा पेपरात तृतीयपंथीयांच्या हक्कांवर पानभर लेख आला होता. बाबांनी मथळ्यावरच निकाल दिला. "हे शहरातलं खूळ होय. आपल्या संस्कृतीत मानसानं बाईचे कपडे घातल्याचं कोनं आयकलं काय?" कोणीच ऐकलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी की लग्नापर्यंत, मिशी ठेवायच्या आधी, बाबा स्वतः गावच्या दंडारीत बाईचं काम करत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला ढोलकी-टाळांवरचा नाच आणि सोंगं. नाचणारे सगळे पुरुष, लुगडं नेसलेलेसुद्धा. हे मी ओट्यावर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. बाबा शांतपणे म्हणाले, "ते वेगळं. ते संस्कृती होय." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पान उलटलं.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सोयरेधायरे येतात, जिलबीची दुकानं लागतात, दुपारी दंडार होते. गेल्या दिवाळीत मंडईच्या समितीतल्या तरुण पोरांनी सांगितलं की यंदा दंडार नको, डान्स हंगामा आणू. हंगाम्यात बाहेरून आणलेल्या मुली सिनेमाच्या गाण्यांवर नाचतात, आणि तिथे पुढे काय काय होतं ते ओट्यावर फार आवडीने वाचलं जातं. बाबा बैठकीत उभे राहिले. "मी जिता हावो तवपर्यंत या गावात दंडारच होईन." पोरं म्हणाली, "ठीक हाये, करून दाखवा. यंदा झाली नाही त पुढं कायमचा हंगामा."

ढोलकीवाला होता. टाळकरी होते. बाईचं काम करणारा मात्र नव्हता. जुना होता तो गुडघ्यांमुळे घरी बसला होता. तरुणांपैकी एकही तयार होईना. कोणी म्हणे रील बनेल, कोणी म्हणे सोयरीक मोडेल. बायकी ठरलेल्याचं गावात काय होतं हे ती पोरं लहानपणापासून त्याच ओट्यावर पाहत आली होती. शेवटी बाबा टेलरकडे गेले. मला ब्लाउज टाकायचा होता, म्हणून मीही सोबत होते.

"बेटा," बाबा म्हणाले. हा शब्द त्यांनी त्याच्यासाठी पहिल्यांदाच काढला होता. "बेटा, दंडारीत बाईचं काम करतं काय? तुले शोभन."

त्याने मशीन थांबवलं नाही. शिलाई पुरी केली, दोरा तोडला. "काकाजी, तुमी त मले रोजच नाचवता. मंडईतबी काहून?"

"अरे, ते त मजाक होय."

"मले कधी हासतानी पायलं काय तुमी?"

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्याच्या बाजूने भांडायला माझी जीभ शिवशिवली, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. बाबा चपला घालून निघाले. वाटेत म्हणाले, "पोरगं हेकट हाये." दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी गेली होती.

ओट्याला बातमी कळली तेव्हा ओटा गहिवरला. संस्कृतीसाठी माणूस मिशीवर पाणी सोडतो ही साधी गोष्ट नव्हे, असं ठरलं. आईने कपाळाला आठ्या घालून पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं आणि म्हणाली, "नाचा. फक्त फाडू नोका." तिचा ब्लाउज मात्र बाबांच्या दंडावर चढेना, तेव्हा पुन्हा टेलरकडे जावं लागलं. त्याने टेप उचलला.

"काकाजी, श्वास सोडा. पोट आत घेऊन माप देसान त नाचतानी उसवन."

बाबांनी श्वास सोडला. टेलरने नवं माप लिहून घेतलं. ब्लाउज सांगितल्या वेळेला आला, आणि खांद्याला आतून दुहेरी शिलाई घातलेली होती.

मंडईच्या दुपारी बाबा घरूनच नेसून गेले, कारण नेसवायला आई लागत होती आणि चार लोकांत नवऱ्याला लुगडं नेसवणार नाही असं आईने बजावलं होतं. शरमेने मान खाली घालायच्या तयारीने मी गेले होते. ती तयारी वाया गेली. बाबा सुरेख नाचले. ढोलकीच्या थापेनंतर क्षणभर थांबून ते मान वळवत, आणि तेवढ्यावर म्हाताऱ्या बायका ओरडून दाद देत होत्या. गुडघे कुरकुरत असणार, पण चेहऱ्यावर त्याचा पत्ता नव्हता. समितीतलं सगळ्यात तोंडाळ पोरगंसुद्धा पुढे येऊन म्हणालं, "काकाजी, हारलो आमी. दंडारच ठेवू." बाबांचे डोळे भरून आले. माझेही आले. आजवर त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

शर्ट-पायजामा घरी राहिला होता, म्हणून आम्ही दोघं तसेच रस्त्याने निघालो. ओट्यावरची मंडळी आमच्या आधी येऊन बसली होती आणि खुशीत होती. एकाने हाक दिली, "अवो बाई, कुठं चालल्या?" बाबा हसले, त्यांनी हात केला. दुसरा म्हणाला, "पदर सांभाळा!" तेव्हाही बाबा हसले. मग एक शिट्टी आली, मग सगळ्यांच्या. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळे बाबांचेच सोबती होते, त्यांच्यावर जीव टाकणारे.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं अंतर टिकलं, मग गेलं. ते भरभर चालू लागले. लुगड्यात भरभर चालायची त्यांना सवय राहिली नव्हती. पाय अडखळला तशा शिट्ट्या वाढल्या. एरवी शिव्या देण्यात बाबांचा हात धरणारा गावात कोणी नाही. तोंडातून एक शिवी निघाली नाही. मला राहवेना. मी मागे वळून दोन शब्द सुनावणार होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पाहू नोको," ते पुटपुटले. "पायलं त जास्त करतेत."

आम्ही तसेच चालत राहिलो. तलावाच्या पाळीशी वळण आलं, ओटा मागे पडला, आवाज थांबले. बाबांनी मनगट सोडलं. पदराने मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाले, "थो टेलर कधी वळून पाहे नाही न, बाई. मले वाटे, त्याले आयकूच येत नसन."