नसलेल्या झऱ्याचं पथ्य

“कुठंय तो झरा? बोला ना भाऊजी! आता का दातखीळ बसली?”

शोभावहिनी ओरडत होत्या. दवाखान्याचा व्हरांडा, माणसं माना वळवून बघतायत, एक नर्स ‘हळू, हळू’ करत धावत येतेय — आणि आत कॉटवर आमचा सुदाम. पांढराफटक. आतड्यातून रक्त गेलेलं. “महिनाभर पाजलं ह्यांना तुमच्या झऱ्याचं पाणी! तुमच्या शब्दावर गोळ्या बंद केल्या! आता सांगा, कुठंय तो झरा आन् कुठंय तुमचा बाबा?”

झरा कुठेच नव्हता. बाबाही नव्हता. परवापर्यंत हे मी घराबाहेर कुणासमोर उच्चारलं नव्हतं, आणि लिहितोय तर आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हा जरा अडखळेन. सांभाळून घ्या.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर फिटर. सुदाम माझ्याच शिफ्टचा, कॉलनीत भिंतीला भिंत. मला थापा मारायची सवय — सवय कसली, खोडच. कॉलनीत साप निघाला तर माझ्या तोंडून तो दुपारपर्यंत अजगर होतो आणि संध्याकाळी चिमणीला वेटोळं घालतो. लोक हसतात, चहा पाजतात. कुणाचं काय बिघडतं? असं मला वाटायचं.

मग मला आतड्याचं दुखणं लागलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस — नाव ऐकूनच निम्मा माणूस खलास. नाशिकरोडपासून एकलहऱ्यापर्यंतचे सगळे संडास मला नावानं ओळखायला लागले. इतका वाळलो की पट्ट्यावर उभा राहिलो तर मला कोळशाबरोबर बॉयलरमध्ये लोटतील, अशी बायकोला धास्ती. पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त थांबलं. पण कळा जाईनात, झोप येईना, अन्नावर वासना नाही. शेवटी बायकोनं पंचवटीतल्या एका वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं — विजया. तेल. झोपताना जिभेखाली मोजके थेंब. मी बाटली हुंगली. ही तर भांग!

“भांगच आहे,” बाई म्हणाल्या. “पण मापात आहे, चिठ्ठीवर आहे. कामावर जाताना घ्यायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, आणि त्यांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. हे गोळ्यांच्या ऐवजी नाही — कळलं?”

कळलं होतं. मला सगळं नीट कळलं होतं, हे लक्षात ठेवा.

त्या तेलाचे उपकार मी कसे सांगू? सूज गोळ्यांनीच उतरत होती, डॉक्टरांनी तेही बजावलं. पण कळ ढिली पडली. मी झोपलो. सकाळी उठलो तर बायको उशाशी बसून माझ्याकडे बघत होती — इतका वेळ झोपलाय म्हणजे आहे की गेला, म्हणून. त्या दिवशी मी वरणभात खाल्ला आणि आणखी मागितला. ताटात भात वाढताना ती रडली. देवाघरी कुणी विचारलं, काय मिळालं जन्माला येऊन, तर मी ते ताट दाखवीन. वैद्यबाई, डॉक्टर, बायको — यांचं मी कायम देणं लागतो, आणि ते देणं मला जड नाही, गोड आहे.

मग लपवलं का?

कारण कॉलनीच्या व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष कोण? मीच. महाशिवरात्रीला पोरांनी भांग घोटली तेव्हा पातेलं उचलून गटारात ओतलं कुणी? मीच. वर अर्धा तास भाषण. आता त्याच तोंडानं सांगू, की माझ्या जिभेखाली रोज काय असतं?

म्हणून झरा काढला. ब्रह्मगिरीच्या मागच्या अंगाला, कपारीत. शेजारी जटाधारी बाबा, वय विचाराल तर त्यांनी गोदावरी लहान असताना पाहिलेली. त्यांनी ओंजळभर पाणी दिलं आणि माझं आतडं धुऊन निघालं. “गोळ्या?” मी कट्ट्यावर छाती काढून सांगायचो, “पुलावरून नदीत फेकल्या!” — आणि खिशात त्याच गोळ्यांची पट्टी. बायको डोळे वटारायची. मी म्हणायचो, गंमत आहे गं.

आणि चमत्काराला पथ्य लागतंच. पथ्य नसेल तर लोक मानत नाहीत. मी ठेवलं — कांदा वर्ज्य. लुच्चेपणा बघा. निफाड-लासलगावच्या पट्ट्यात कांदा वर्ज्य म्हणजे माशाला पाणी वर्ज्य. कुणाला जमणारच नाही. कुणी खरंच झरा शोधला, गुण आला नाही, तर खापर त्याच्याच पथ्यावर फुटावं. इतकी पळवाट मी आधीच खोदून ठेवली होती.

पुढे सुदामला तेच दुखणं निघालं. त्यानं मला झऱ्याची वाट विचारली. तेव्हा तरी? — नाही. समोर चार माणसं बसली होती. मी हात हवेत फिरवला, ‘वर, डावीकडं, कपारीत’ म्हटलं. तो भोळा माणूस कॅन घेऊन ब्रह्मगिरी चढला, एका कपारीत पाझरणारं पाणी भरून घेऊन आला. आणि गोळ्या बंद केल्या.

पण माझा गुन्हा हा नाही. म्हणजे, हाही आहे. खरा गुन्हा त्या व्हरांड्यातला.

वहिनी ओरडत होत्या, लोक बघत होते, आणि मला एका वाक्यात सुटता आलं असतं. ‘वहिनी, मी खोटं बोललो.’ एवढंच. मी काय म्हणालो? आवाज खाली आणून, मोठ्या समजुतीनं म्हणालो, “वहिनी, पथ्य सांगितलं होतं मी. कुठं कांदा तर पडला नाही ना?”

वहिनींचा वर उठलेला हात खाली आला. एकदम. एकदा, सुदामची जीभ विटली म्हणून, त्यांनी पोह्यांत चिमूटभर कांदा घातला होता. त्या तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि मला — सांगू? — हायसं वाटलं.

सुदाम वाचला. डॉक्टरांनी वाचवला, त्याच गोळ्यांनी. आज माझ्या पुढं पायऱ्या चढतो. तो दिसला की मी मनात हात जोडतो. तो गेला असता तर मी हे लिहायलाही उरलो नसतो.

पण त्या घरातून कांदा गेला. नुसता सुदामच्या ताटातून नव्हे — सगळ्यांच्याच. पोहे बिनकांद्याचे, भेळ बिनकांद्याची. मी ते पोहे खाल्ले आणि ‘वा वहिनी’ म्हटलं. वहिनींच्या भावाच्या मळ्यातून दर उन्हाळ्यात कांद्याची गोणी येते. ती उंबऱ्याच्या आत यायची नाही, परस्पर आमच्याकडं. आमच्या घरचं कांद्याचं थालीपीठ, कांद्याची चटणी, सगळं त्या गोणीतलं. वर्षानुवर्षं मी त्यांचा अपराध चवीनं खात आलो.

परवा त्यांची लेक माहेरी आली होती. मीही बसलो होतो गप्पा झोडत. तिनं भरताचा घास घेतला, म्हणाली, आई, अजून बिनकांद्याचंच? बास की आता. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “माझ्या हातून एकदा चूक झालीय, बाई.”

मी हातातला घास खाली ठेवला. लेक पाणी आणायला आत गेली आणि मी सांगून टाकलं. झरा, बाबा, बाटली, कांदा — सगळं. न फुगवता. मला न फुगवता बोलता येतं, हे मलाच नवीन होतं. सुदामनं टीव्ही बंद केला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी वाट बघत होतो की वहिनी व्हरांड्यातल्यासारख्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मी पाय धरले असते.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

“यंदाची गोणी फोडली नाय ना अजून? आणून ठेवा इकडं.”