मधली जागा

तिला एकटीला गायला सांगितलं, तर ती कधीच गायली नाही.

मानोरा गावाजवळच्या एका तांड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेव्हा शिकवत होते. पाचवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, आम्ही दोघे शिक्षक. चौथी-पाचवी मुख्याध्यापक सरांकडे. खालचे वर्ग आणि सगळ्या शाळेचा परिपाठ माझ्याकडे. ती पाचवीत होती. अंगानं किरकोळ, केसांना भरपूर तेल, आणि बोलायला लागली की आधी खाली बघायची सवय. एकदा केंद्रप्रमुख शाळेवर आले आणि त्यांनी विचारलं, गाणं कोण चांगलं म्हणतं? पोरांनी लगेच तिला पुढे ढकललं. ती उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली आणि म्हणाली, "एकटीनं कायले म्हणायचं?"

साहेब हसले. त्यांना वाटलं पोरगी लाजली. पण तो तिचा खरा प्रश्न होता.

परिपाठाला प्रत्येक वर्गाची एक रांग, आणि रांगेत मुलं उंचीनुसार उभी राहायची. त्या हिशेबानं तिची जागा पाचवीच्या रांगेत पुढे. पण राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा झाली की ती हळूच मागे सरकायची आणि समूहगीत सुरू होईपर्यंत बरोबर पोरांच्या मधोमध जाऊन उभी राहायची. मी दोन-तीनदा तिला पुन्हा पुढे आणलं. शेवटी विचारलं, "काय गं, तिथंच काय आहे?"

"मॅडम, मधात उभं राह्यलं ना, तर आपला आवाज आपल्याले आयकूच येत नाही. सगळ्यायचा मिळून एकच येते." मग जरा थांबून म्हणाली, "मंग असं वाटते का आपण लय मोठे आहो."

दुसऱ्या दिवशी मुलांना सूर देऊन मी स्वतःच रांगांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. चारी बाजूंनी आवाज येत होता. कुणाचा चिरका, कुणाचा बसका, पहिलीतल्या पोरांचा तर नुसता आरडाओरडा. पण तिथं मध्ये तो सगळा एक होऊन अंगावर येत होता. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते. त्यानंतर मी तिला कधी हलवलं नाही.

त्या पावसाळ्यात मी मुलांना एक दोन भागांचं गाणं शिकवलं. अर्ध्यांनी एक ओळ म्हणायची, अर्ध्यांनी दुसरी, आणि शेवटी दोन्ही ओळी एकाच वेळी. महिनाभर नुसता गोंधळ. मुली मुलांच्या ओळीत शिरायच्या, मुलं मध्येच थांबून कान द्यायची. आणि एका सकाळी ते जुळलं. पोरं स्वतःच इतकी दचकली की गाणं संपताच सगळी हसत सुटली. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, पुन्हा एकडाव."

त्याच पावसाळ्यात तिची आजी वारली. तांड्यावरच्या बऱ्याच घरांतली मोठी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांजवळ ठेवतात. तीही तशीच दरवर्षी राहायची. आता घरात मागे राहणारं कुणी नव्हतं.

पहिल्या सत्राची परीक्षा सुरू होती तेव्हा एका दुपारी मी तिच्या घरी गेले. आई ओसरीत बसून गोधड्या बांधत होती. आठ-नऊ महिन्यांचा भाऊ तिच्या पाठीवर लटकत होता.

मी म्हटलं, "हिला तेवढी ठेवा. यंदा पाचवी आहे. शेजारी कुणाच्या घरी राहील, जेवणाची सोय शाळेकडून होते."

"राह्यली असती वो मॅडम," आई म्हणाली. "पण आमी दोघं फडात गेल्यावर या लहान्याले कोण पाहीन?"

"मागच्या वर्षी कसं केलंत?"

"मांगच्या साली हा पोटात व्हता."

ती दारातच उभी होती. आईनं तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिले मी इचारलं. ते म्हणे, येतो. मी काय जबरदस्तीनं नाही नेऊन राह्यली."

सत्राच्या शेवटच्या दिवशी आम्ही मुलांना चिवडा वाटला, सुट्टीचा अभ्यास सांगितला आणि सर म्हणाले, चला, घरी जा. पोरं दप्तरं घेऊन दाराकडे धावली. ती माझ्या टेबलाजवळ आली. "मॅडम, दोन भागाचं म्हणायचं का?" मी सरांकडे बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, पण मान हलवली. अर्धी पोरं फाटकाबाहेर गेली होती, त्यांना हाका मारून परत आणलं. दप्तरं पाठीवर, हातात चिवड्याच्या पुड्या, तशीच सगळी उभी राहिली आणि गायली. ती मध्ये होती. गाणं संपल्यावर मुलांनी फाटकाकडे जी धूम ठोकली त्यात ती कधी निघून गेली, मला कळलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा रांगा विरळ झाल्या होत्या. दरवर्षीच होतात. पण त्या वर्षी गाणं म्हणताना ते पहिल्यांदा माझ्या कानाला जाणवलं. दोन भाग करायला पोरंच पुरेनात.

आणि मग एका सकाळी, मुलं पटांगणात उभी असताना, माझ्या फोनवर अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं आकाश दिसलं, मग उसाच्या पाचटाची कोपी, ऊसतोडीवाल्यांची झोपडी, मग तिचं अर्धं कपाळ.

"मॅडम, परिपाठ झाला का?"

"नाही, आत्ताच सुरू होतोय. तू कुठं आहेस?"

"सांगलीकडे. बाबाचा फोन हाये. मायबाप फडात गेले. लहान्या झोपला." मग घाईघाईनं, "मले गाण्यात घेता का?"

मी एक खुर्ची मागवली, ती रांगांच्या मध्ये ठेवली आणि पुस्तकांच्या आधारानं फोन तिच्यावर उभा केला. पोरांना इतकी मजा वाटली की पहिल्या दिवशी गाणं झालंच नाही. सगळी वाकून तिला बघत होती आणि ती तिकडून ओरडत होती, "अरे मले काय पाहता, म्हणा ना!"

दुसऱ्या दिवसापासून मात्र नीट सुरू झालं. रेंज असेल आणि वडील फोन ठेवून गेले असतील त्या दिवशी तिचा कॉल यायचा. ती गायची, पण तिचा आवाज आमच्या मागून यायचा. आमची ओळ संपायची आणि मग फोनमधून तिचे शेवटचे शब्द. पोरं खिदळायची. तिनं ते ऐकलं. एकदा मला म्हणाली, "मॅडम, मी मांगं पडून राह्यली का?"

मी सांगितलं, "तुझी चूक नाही. फोनला वेळ लागतो. आमचा आवाज तिकडे यायला लागतो, तुझा इकडे यायला लागतो."

"बरं," म्हणाली.

मग काही दिवसांनी तिचा आवाज बरोबर आमच्यासोबत यायला लागला. कधी थोडा मागेपुढे, पण बहुतेक बरोबर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं रेंज सुधारली असेल. परिपाठानंतर मी फोन हातात घेऊन विचारलं, "आज कसं जमलं गं?"

"तुमची ओळ आयकू येण्याच्या आधीच मी म्हणून टाकतो," ती म्हणाली. "मंग तिकडे बराबर पोचते."

"आणि तुला तिकडे काय ऐकू येतं?"

"मले? मले गडबडच आयकू येते. मी पुढं, तुमी मांगं." मागे भाऊ रडायला लागला होता. त्याला उचलायला वाकत ती म्हणाली, "पण तिकडे तर बराबर होते ना मॅडम?"

मी हो म्हटलं. मुलं वर्गात गेली, मी खुर्ची उचलायची विसरून पटांगणातच उभी राहिले. सरांनी आतून विचारलं, काय झालं? मग मी खुर्ची उचलली. तिकडे कोपीच्या दारात भावाला मांडीवर घेऊन ती कुणाचीही साथ न ऐकता, आमच्या अंदाजानं एकटीच गात होती. एकटीनं कायले म्हणायचं, असं विचारणारी मुलगी.

संक्रांतीच्या पुढे-मागे कॉल येणं बंद झालं. मी त्या नंबरवर लावून बघितलं, फोन बंद. तांड्यावर चौकशी केली तेव्हा कुणीतरी सांगितलं की त्यांची ऊसतोडीची टोळी कर्नाटकाच्या हद्दीत दुसऱ्या कारखान्याकडे गेली. पोरं काही दिवस खुर्ची आणून ठेवत राहिली. मग मीच सांगितलं, राहू द्या.

होळीला तांडा माणसांनी भरतो. कुठं कुठं गेलेली माणसं त्या सणाला परततात. ते मात्र आले नाहीत. आले ते चैत्र सुरू झाल्यावर, उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती तेव्हा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. फ्रॉक आखूड झालेला, हातांवर उसाच्या पाल्याचे बारीक ओरखडे, चेहरा रापून काळवंडलेला. मी जवळ घेतलं तर अंग चोरून उभी राहिली, पण हसली. समूहगीताच्या वेळी कुणी न सांगता पोरींनी तिला मध्ये वाट करून दिली.

मी सूर दिला. आणि पहिल्याच ओळीला तिचा आवाज सगळ्यांच्या आधी गेला.

ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मी गाणं थांबवून म्हटलं, "घाई करू नको. आता तू इथंच आहेस." तिनं मान हलवली. या वेळी ती वाट बघत राहिली आणि ओळ निघून गेल्यावर मागून आली. दोन पोरं हसली. शेजारच्या मुलीनं तिचा हात धरला आणि ताल देत दाबत राहिली. काही ओळी तशा गेल्या. मग तिनं ओठ मिटून घेतले आणि गाणं संपेपर्यंत नुसती उभी राहिली.

नंतर मी तिला बाजूला घेतलं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, तोंडच आधी उघडते."

"होईल ठीक. रोज म्हणू आपण."

"व्हय."

पण रोज म्हणायला दिवस उरले नव्हते. परीक्षा आली. मधले काही दिवस ती आलीच नाही, आली तेव्हा भाऊ कडेवर. गणिताचा पेपर तिनं त्याला मांडीवर बसवून सोडवला. मी एकदा शाळा सुटल्यावर चार-पाच मुलींना थांबवून तिच्यासोबत ते गाणं घेऊन बघितलं. कधी जमायचं, कधी नाही. जमलं तरी तिचे डोळे उघडे असायचे. ती इतरांच्या तोंडाकडे बघून ओठ हलवायची.

निकालाच्या दिवशी, महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदन झालं आणि मुलं शेवटचं समूहगीत म्हणायला उभी राहिली. तीही होती, तिच्या नेहमीच्या जागी. मी गुणपत्रकांचा गठ्ठा हातात धरून तिच्याकडेच बघत होते. ती गात नव्हती. अर्ध्यावर व्हरांड्याच्या पायरीवर बसवलेला भाऊ रडायला लागला. ती रांगेतून निघाली, त्याला उचललं आणि फाटकाजवळच्या सावलीत जाऊन त्याला थोपटत राहिली. गाणं संपलं. ती पास झाली होती. गुणपत्रक हातात दिलं तेव्हा तिनं माझ्या पाया पडायला बघितलं, पण कडेवर भाऊ असल्यामुळे तिला वाकता येईना. मी म्हटलं, असू दे.

सहावीसाठी जवळच्या गावातल्या शाळेत मी स्वतः तिला स्कूटीवर नेऊन तिचं नाव घातलं. दिवाळीपर्यंत ती तिथं गेली. मग पुन्हा टोळीबरोबर गेली, आणि त्यानंतर तिचं शाळेत येणं तुटलं, असं त्या शाळेतल्या सरांनी मला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.

मागच्या वर्षी शेलूबाजारला एसटीची वाट बघत उभी होते. शेजारीच जीपा भरत होत्या. डोक्यावर ओढणी बांधलेली एक उंच मुलगी समोर आली आणि म्हणाली, "वळखलं का मॅडम?"

तिनं खाली बघितलं आणि तेव्हा मी ओळखलं. आम्ही तिथंच कडेला उभ्या राहून बोललो. आई बरी आहे, वडिलांच्या पाठीला दुखणं आहे, म्हणून आता कोयता तीच धरते, असं म्हणाली. मी विचारलं, "आणि तो लहाना?"

तिचा चेहरा उजळला. "त्याले नाही नेत आमी. काकाच्या घरी ठेवलं. तुमच्याच शाळेत हाये, पहिलीत. एक दिवस बुडोत नाही."

"हुशार आहे?"

"वाचते चांगलं. पण लय वांड हाये. नव्या मॅडमनं बोलावणं पाठवलं व्हतं, तर आज शाळेत जाऊन आलो मी. त्याच्यासाठी हात जोडून आलो." ती हसली. "तुमी असत्या तर बरं झालं असतं."

अजून गातेस का, हे मला तिला विचारायचं होतं. पण जीपवाला ओरडायला लागला होता आणि तिच्या हातात बाजाराच्या दोन जड पिशव्या होत्या. एक मी घेतली आणि जीपपर्यंत नेऊन दिली. आत आधीच माणसं दाटीवाटीनं बसली होती. तिनं पिशव्या पायाशी ठेवल्या, अंग चोरून जागा केली आणि बाहेर बघून म्हणाली, "जा मॅडम, तुमची एसटी चुकन."

जीप मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली. माझी बस बऱ्याच वेळानं आली.