प्रसेनजीतचं विमान आणि माझा कट्टा

प्रसेनजीत कांबळेबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे माझा हात जड होतो. तरी लिहितो. आमच्या गल्लीत दुसरा लिहिणारा आहे कोण?

टेलिफोन खात्यात लाइनमन. बाप इचलकरंजीत मागावर राबून गेला, आई बनाबाईनं भाजी विकून याला आयटीआय करवलं. गडी खांबावर चढायचा तोही इस्त्रीचा शर्ट घालून. खाली उतरला की आधी भांग पाडणार, मग तक्रार ऐकणार. मोर्चात सगळ्यात मागं. घोषणा माझ्या, घसा माझा, केसेस माझ्यावर, आणि बायका म्हणायच्या, "प्रसेनजीत लई शांत माणूस!" तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर शांतच असणार की.

समाजमंदिराचा कट्टा मात्र माझा होता. नववी नापास मी, रिक्षा चालवतो, पण कायद्याची पुस्तकं वाचून पाठ केलेली. पाण्याचं असो, पेन्शनचं असो, संध्याकाळी माणसं माझ्याभोवती बसायची. दोन हजार तीन साली प्रसेनजीतनं कॉम्प्युटर घेतला. त्यात विमान उडवायचा खेळ, आणि तो खेळायला पुण्याहून आणलेली जॉयस्टिक, म्हणजे विमान हाकायची दांडी. झालं, कट्टा ओस पडला. चहावाला हंबीरराव तेवढा उरला होता. एके दिवशी तोही लवकर स्टो विझवून निघाला.

"कुठं चाललास?"

"विमान बघाय. चला की नेते, तुमचं भाषण काय, उद्या बी हायच."

गेलो. माझी माणसं परत आणायला गेलो, दुसरं काय!

खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पडद्यावर कुठलंतरी परदेशी बेट, आणि हा बिनधास्त सांगतोय, "ही बघा आपली पंचगंगा." लोक माना डोलवतायत! त्या पंचगंगेच्या घाणीसाठी मी उपोषणाला बसलो, तेव्हा यातला एक फिरकला नव्हता.

"एक दांडी तर धरायची," मी म्हणालो. "त्यात काय मोठं?"

"मग बस की भावा," म्हणून तो उठला.

मी झेंड्याचा बांबू आवळावा तशी दांडी आवळली. नाक खाली गेलं, मी ओढलं. वर गेलं, ढकललं. विमान पाळण्यागत वरखाली.

"अगं बाई, खाली उतरवा रं ह्याला," बनाबाई ओरडल्या. "मला गरगरतंय!"

"भावा, झटापट करू नको," प्रसेनजीत म्हणाला. "नाक पाहिजे तिथं दांडीनं धर. हाताला जोर पडतोय न्हवं? तो ट्रिमवर घाल, ह्या बटणानं. शेपटीची पट्टी तुझं वझं पेलती."

ट्रिमचं बटण मी दाबतच सुटलो, आणि दांडी होती तशीच ओढून धरली. नाक आभाळाकडं गेलं, वेग सरला आणि विमान धाडकन खाली.

"नेते पडलं!" हंबीरराव टाळ्या पिटायला लागला.

"ट्रिम देशील तशी मूठ सैल सोडायची," प्रसेनजीत भांग सारखा करत म्हणाला. "तुला सोडायचं ठावंच न्हाय."

माझं डोकं असं फिरलं की चपला तिथंच टाकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चपला न्यायला गेलो आणि खुर्चीतच बसलो. मग रोज, माणसं जमायच्या आत. त्यानं शिकवायचं, मी दात आवळून ऐकायचं. यानं एवढ्या माणसांसमोर मला पाडलं. आता तेवढ्याच माणसांसमोर मी उडवून दाखवणार होतो.

शेवटी एका रविवारी, सगळे असताना, बसलो. नाक धरलं. थोडा ट्रिम, थोडी मूठ सैल. आणखी थोडा ट्रिम, आणखी सैल. दांडी आपसूक मधे येऊन उभी राहिली. मी दोन्ही हात वर केले. विमान पाण्यावरच्या होडीगत सरळ!

मी टाळ्यांची वाट बघत बसलो.

"आयला!" हंबीररावानं धपाटा घातला तो प्रसेनजीतच्या पाठीत. "मानलं रं तुला! नेत्याला शिकीवलंस, आता म्हशीला बी शिकीवशील!"

बनाबाईंनी साखर ठेवली ती लेकाच्या हातावर. "मला बी शिकीव," "आधी मला," म्हणत सगळे त्याच्याभोवती. तो कॉलर नीट करतोय. माझ्याकडं सगळ्यांच्या पाठी, आणि माझं विमान इकडं सरळ चाललेलं, बघायला कुत्रं नाही.

मी दांडी पुढं ढकलली आणि विमान समुद्रात घातलं. तेव्हा कुठं सगळे माझ्याकडं वळले.