विषय क्रमांक नऊ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण शोधत बसलो तर आजही राहून जाईल.

मी आमच्या साखर कारखान्यात वायरमन आहे. कारखाना आधी सहकारी होता, आता कंपनीचा झालाय. कमानीवरचा 'सहकारी' हा शब्द खरवडून काढला, तो पण नीट निघाला नाही. गेटवर कुठल्याशा एजन्सीचा गार्ड असतो. ज्यांनी शेअर घेऊन कारखाना उभा केला त्यांनाच विचारतो, "किससे मिलना है?" आणि कारखाना विकणारे आमचे अध्यक्ष? वडिलांची खुर्ची मिळाली, अक्कल तेवढी यायची राहिली. हंगाम सुरू करताना उसाची पहिली मोळी टाकायला यायचे, तर ऊस टाकायची गव्हाण कुठंय ते दरवर्षी हाताला धरून दाखवावं लागायचं. असल्या माणसाला आम्ही हार घालत होतो! शिव्या घालायला आता मीच सगळ्यात पुढं असतो.

पण मग माझं काय?

तुम्ही आमच्याकडची वार्षिक सभा बघितलीय का कधी? सेक्रेटरी विषय वाचतो, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगेतली ठरलेली माणसं ओरडतात, "मंजूर, मंजूर!" झालं. त्या वर्षी विषय क्रमांक नऊ होता — कारखाना कंपनीला देणे. अहो, घोडेगावच्या बाजारात बैल घेताना माणूस आधी त्याचे दात बघतो. इथं अख्खा कारखाना विकायला निघाला होता, आणि कागद कुणी उघडला नव्हता.

एकट्या भागवतनानांनी उघडला होता. नाना म्हणजे सगळी नोकरी साखर शिजवण्यात गेलेला माणूस, आता नुसते सभासद. मला कामाला त्यांनीच चिकटवलं. आठ दिवस खपून त्यांनी प्रश्न लिहून काढले. मागं बसणारे म्हणाले होते, नाना, तुम्ही उठा, मग आम्ही उठतो. सभेआधी ते माझ्याकडं आले.

"आवाज पार मागपर्यंत जाऊ दे रं. माझा घसा बसलाय."

लाऊडस्पीकर माझ्याकडं होता ना.

नाना उठले. पहिला प्रश्न अर्ध्यावर आला — आणि माईक गेला. ते बोलतच राहिले. मला नुसते ओठ हलताना दिसत होते. पुढचे हसले. "मंजूर!" मागच्यांना काही ऐकूच गेलं नाही, कोण उठणार? विषय क्रमांक दहा सुरू झाला.

माईक मी बंद केला. थांबा, हे गावाला माहीत आहे. गावानं मला माफसुद्धा केलंय. कारण मीच सगळ्यांना सांगितलं — वरून हुकूम होता, पोरंबाळं आहेत, काय करणार? लोक म्हणाले, खरंय बाबा, त्या हलकटांपुढं वायरमनची काय टाप.

हुकूम नव्हता. कुणाचाच नव्हता. पीए आला नाही, चिठ्ठी आली नाही, कुणी डोळ्यानं खुणावलंसुद्धा नाही. अध्यक्ष तर मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. नाना उठलेत हेही त्यांना कळलं नाही. मीच मनाशी म्हणालो, साहेबांना हेच हवं असणार. न सांगता केलं तर लक्षात ठेवतील. बटण दाबलं आणि स्टेजकडं बघितलं — साहेब बघतायत का म्हणून. साहेबांनी मान वर केली नाही. एवढा स्वस्त निघालो मी. हलकटपणाला गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी तो केला.

काल पारावर कुणाचा तरी जावई आला होता. सभेची गोष्ट निघाली. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"याला बोल लावायचा न्हाई. गरीब हाय, लई दबाव हुता याच्यावर. व्हय का न्हाई रं?"

मी म्हणालो, "व्हय नाना. लई दबाव हुता."