तेल बंद, गोष्ट बंद

शाळेतून निवृत्त झाले आणि माझ्या तळपायांची आग सुरू झाली. डायबेटिस जुनाच. नोकरीत असेपर्यंत तो माझ्या मुठीत आहे, असं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगत असे. त्याने तोवर गुपचूप नसा पोखरल्या होत्या. दिवेलागण झाली की दोन्ही पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे होत. त्यात गंमत अशी की आग कळायची, पण चपलेत खडा गेला तर तो मात्र कळायचा नाही. हा कुठला न्याय, असं मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, साखर सांभाळा, गोळ्या घ्या आणि सुपारीच्या वाडीत अनवाणी हिंडू नका.

आमच्याकडे तळपायाच्या आगीवर घराघरात एकच इलाज. खोबरेल तेल घ्यायचं आणि काशाच्या वाटीने तळवे घासायचे. सासूबाईंची जाड बुडाची वाटी फळीवर पडून होती. ती आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी न सांगता खाली काढली आणि माझे पाय मांडीवर घेतले. मी संकोचाने पाय ओढून घेतले, तर म्हणाले, "गप बस." पहिलाच प्रश्न विचारला, "भाजतायत का फार?" आणि घासायला लागले.

आमचे हे म्हणजे सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस. घरीसुद्धा प्रत्येक शब्द वरून मंजूर होऊन यावा, तसे बोलणार. चाळीसेक वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. मी बोलायचं, ह्यांनी 'हं' म्हणायचं. पण वाटी हातात आली आणि ह्यांचं तोंड सुटलं. लहानपणी सुपारीच्या झाडावर अडकून बसलेले, साहेबांच्या पुढ्यातच खुर्ची मोडून पडलेले, वडिलांच्या भीतीने बोटीतून परस्पर मुंबईला पळालेले आणि भुकेने त्याच दिवशी परत आलेले. मी थक्क होऊन ऐकत असे. वाटीतलं तेल संपलं की गोष्टही संपायची. अर्धी राहिली तर "उद्या."

तळवे पार काळे होत. सुपारी सोलायला येणारी बाई एकदा बघून म्हणाली, "काकी, हे पाय हायत का तवे?" मला काही त्याचं वाटत नव्हतं. आग खरं तर फार कमी होत नव्हती, पण संध्याकाळची मी वाट बघायला लागले होते.

मुलीला मात्र फोनवर माझं कण्हणं ऐकवेना. डॉक्टरांनी एका छोट्या मशीनचं सुचवलं होतं, ते घेऊन ती मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरली आणि घरी आली. टीव्हीच्या रिमोटएवढा डबा, त्याला वायरी, वायरींना चिकटणाऱ्या पट्ट्या. विजेची बारीक लहर नसांना गुदगुल्या करते आणि दुखण्याचा निरोप डोक्यापर्यंत जायच्या आत वाटेतच अडवते, असं तिने समजावलं. "फिजिओथेरपीवाल्या बाईंकडून आधी शिकून घ्या," एवढं बजावून ती परतली.

शिकून घेतील तर हे कसले! ह्यांनी सोबतचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून जाहीर केलं, "शेक घेण्यासारखंच आहे. आधी तेल जिरवू, म्हणजे करंट नीट आत जाईल." मलाही पटलं. शेकाआधी तेल लावायचं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. भरपूर तेल जिरवलं. पट्टी लावली की घसरे. पुन्हा लावली, पुन्हा घसरून चटईवर. शेवटी ह्यांनी सुपारीच्या गोणीची सुतळी आणून पट्ट्या करकचून बांधल्या आणि बटण दाबलं. पट्टीच्या एका कोपऱ्यातून असा चटका बसला की मी शाळेतल्या आवाजात ओरडले.

"मशीन बिघडलेलं दिलंय," ह्यांचा निकाल. मुलीने फोनवरून दोघांची अशी हजेरी घेतली की दुसऱ्या दिवशी अलिबागला जायचं ठरलं. त्या संध्याकाळी नुकसानभरपाई म्हणून ह्यांनी पुन्हा वाटी घेतली. घासता घासता सहज बोलावं तसं म्हणाले, "तुला बघायला यायच्या आधी मी एकदा बोर्लीला येऊन गेलो होतो."

मी ताडकन उठून बसले. माझं माहेर बोर्ली पंचतन. बघण्याचा कार्यक्रम मला लख्ख आठवतो. सासरे, मामा, सगळ्यांनी मला हजार प्रश्न विचारले आणि ह्या गृहस्थांनी एकही नाही. मान खाली घालून पोहे खाल्ले. इतक्या वर्षांत मी तो राग विसरलेले नाही. भांडणात अजूनही बाहेर काढते. आणि हा माणूस त्याआधी येऊन गेला होता?

"कशाला? मग?" मी विचारलं.

ह्यांनी वाटी पालथी करून दाखवली. तेल संपलं होतं. "उद्या."

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या बाईंनी माझ्या नडगीवरून एक बोट फिरवलं, ते उजेडात धरलं आणि त्यांना हसू आवरेना. "काकू, या पायांवर भजी तळता येतील!" मग सगळं नीट दाखवलं. पाय साबणाने धुवायचे, कोरडे करायचे. पट्ट्या तळव्याला लावायच्या नाहीत, तिथे तुम्हाला कमी-जास्त कळणार नाही. पोटरीला आणि घोट्याच्या वर लावायच्या. गोड मुंग्या आल्या की बटण पुढे न्यायचं नाही. रोज तळवे तपासायचे. नसा काही नव्या होणार नाहीत, पण आराम पडेल. "आणि काका, तेल बंद."

आराम पडला. पहिल्याच संध्याकाळी पोटरीतून शहाण्या मुंग्या शिस्तीत चालल्या आणि कुणीतरी गॅस बारीक करावा, तशी आग बारीक झाली. गेली नाही, पण बारीक झाली. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. रात्री चादर पायांवर घेऊन झोपले. कितीतरी दिवसांत चादरीचा स्पर्श सोसला नव्हता.

पण ह्यांनी काशाची वाटी लख्ख घासून फळीवर ठेवली आणि पेपर उघडला.

"बोर्लीचं राहिलं," मी म्हटलं.

"हं. सांगेन."

सांगेन म्हणजे न सांगणं. चहाच्या वेळी विचारलं, तर चहात साखर नाही याची आठवण झाली. वाडीत विचारलं, तर "पाटाचं पाणी वाया चाललंय," म्हणून पुढे गेले. पाय रोज तपासत, पण कचेरीत फाइल तपासावी तसे. एक नजर, "ठीक आहे," आणि परत पेपर. सकाळी तेल लावू या का, असं मी सुचवून पाहिलं. "बाईंनी बंद सांगितलंय. बंद म्हणजे बंद." सरकारी आदेशच तो.

हळूहळू माझ्या लक्षात आलं. ह्यांना तोंडाकडे बघून बोलता येत नाही. हात कामात हवेत आणि नजर खाली हवी, माझ्या तळव्यांवर, तरच शब्द निघतात. पायांना सुख झालं आणि मी गोष्ट सांगणारा घालवून बसले. खरं सांगते, त्या मशीनचा मला राग यायला लागला. थोडी आग परत आली तर चालेल, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग एके संध्याकाळी हे फळीवरचं मशीन काढायला गेले आणि उजवा हात अर्ध्यावरच थांबला. डाव्या हाताने काढलं. मी शिक्षिका आहे, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

"खांद्याला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर हात वर करून दाखवा."

वर जाईना. खोदून खोदून विचारलं, तेव्हा निघालं की वाटीने माझे तळवे घासायला लागल्यापासूनच दुखतोय. इतके महिने! एका शब्दाने बोलले नाहीत. मला संताप आला आणि जीवही तुटला. मी अलिबागच्या बाईंना फोन लावला. त्यांनी हृदयाचं वगैरे सगळं विचारून घेतलं, खांद्याला मशीन चालेल म्हणाल्या, आणि उद्या काकांना घेऊनच या म्हणाल्या.

मी ह्यांना माझ्याकडे पाठ करून बसवलं. खांदा साबणाच्या पाण्याने पुसला, कोरडा केला. सुतळी लागली नाही. पट्ट्या लावून बटण हळूहळू पुढे नेलं.

"लागतंय का?"

"हं. बरं वाटतंय."

हे समोर वाडीकडे बघत होते. जरा वेळाने माझ्याकडे न वळता म्हणाले, "दुपार होती. एसटीतून उतरलो आणि बाजारात चहाच्या टपरीवर उभा राहिलो. कुणाला विचारायची लाज वाटत होती. तुझा फोटो पाहिला होता, त्यामुळे ओळखू येशील असं वाटलं. तू शाळेत शिकवून येत होतीस. चप्पल तुटलेली, ती हातात. तापलेल्या डांबरावरून टुणटुण उड्या मारत चालली होतीस, आणि सोबतच्या बाईंबरोबर हसत होतीस."

मला ती चप्पल आठवली.

"मग बघायला आलात तेव्हा मूग गिळून का बसलात?"

"एकच विचारायचं होतं. पण तुझे वडील, माझे मामा, सगळे बसलेले. त्यांच्यासमोर कसं विचारणार?"

"काय विचारायचं होतं?"

"पाय भाजले का म्हणून."

मशीन वेळ संपून आपोआप बंद झालं. पट्ट्या मी काढल्या नाहीत.

"भाजले होते," मी म्हटलं. "चांगले फोड आले होते."

"वाटलंच मला," हे म्हणाले, आणि खांदा सैल सोडून पुढचं सांगायला लागले.